श्रद्धेचं आउटसोर्सिंग

"आमची पोरं संडे स्कूलला जातात की!"

घरी मुलांना विश्वासाचं काय शिकवता, असं कुणाही ख्रिस्ती आईबापाला विचारून बघा. बहुतेकांचं उत्तर हेच. काही म्हणतील, "कॉन्व्हेंटमध्ये घातलंय ना, तिथं होतंच ते." आणि जे जरा पुढारलेले असतील ते म्हणतील, "आम्ही काही लादत नाही बुवा, मोठी झाली की ठरवतील त्यांचं ती." उत्तरं तीन, अर्थ एकच. हे काम आमचं नाही.

आमच्या धंद्यात याला आउटसोर्सिंग म्हणतात. मी त्यावरच पोट भरतो, त्यामुळे त्याला सरसकट नावं ठेवायचा मला अधिकार नाही. :) पण एक नियम तिथेही पाळतात. कंपनी पगाराचा हिशेब बाहेर देईल, कॉल सेंटर बाहेर देईल, पण ज्यावर ती उभी आहे ते काम घरातच ठेवेल. आपण मात्र बरोबर उलटं करतो. गॅदरिंगचा ड्रेस, ट्यूशनची फी, टिफिनमधली भाजी यात जातीनं लक्ष घालतो आणि गाभा बाहेर देऊन मोकळे होतो. हे माझ्या फार डोक्यात जातं, म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

आधी हिशेब करू. संडे स्कूल आठवड्याला एक तास. परीक्षा, सुट्ट्या, लग्नं आणि कोल्हापूरचा पाऊस वजा केला की वर्षाला ४० रविवार उरतात. पोर चौथ्या वर्षी जायला लागलं आणि चौदाव्या वर्षी थांबलं, तर दहा वर्षांत ४०० तास झाले. भागिले २४. सतरा दिवससुद्धा भरत नाहीत! त्यातही हजेरी, एक गाणं, चित्र रंगवणं, सुवर्णवचन आणि शेवटी बिस्किटं. शिकवणारी ताई कॉलेजात जाणारी असते. ती हे मनापासून करते, फुकट करते, एकटी वीस पोरं सांभाळते. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती सगळं ओझं तिच्या खांद्यावर टाकून बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघणाऱ्या बापाबद्दल.

मुळात संडे स्कूल यासाठी बनलेलंच नव्हतं. १७८० मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्यानं ते सुरू केलं, ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना रविवारी तरी लिहायवाचायला यावं म्हणून. ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नव्हतं त्यांच्यासाठी केलेली ती सोय होती. आपल्या घरात दोन-दोन पदवीधर बसलेत, काय राव!

मग ही सवय लागली कुठून? मला वाटतं, तिचं मूळ आपल्या इतिहासात आहे. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. पुढे कोल्हापूर, कोडोली, सांगली, मिरज या पट्ट्यात शाळा, बोर्डिंगं, दवाखाने उभे राहिले. खेड्यातल्या, गावकुसाबाहेरच्या घरांमधली पोरं बोर्डिंगात आली. आईबाप मजुरी करणारे, निरक्षर. घरात पवित्र शास्त्र असलं तरी ते वाचणार कोण? म्हणून सकाळची प्रार्थना बोर्डिंगात, संध्याकाळची बोर्डिंगात, पाठांतर मेट्रनबाईंपुढे. त्या काळी ते योग्यच होतं. त्या पिढ्या शिकल्या, शिक्षक झाल्या, नर्सेस झाल्या. आज आपण एसीत बसून कीबोर्ड बडवतोय ते त्यांच्याच जिवावर. पण देवाचं सगळं कंपाउंडात आणि घरात फक्त जेवण-झोप, ही वाटणीही त्यांच्याबरोबर घरी आली. मिशनरी गेले, बोर्डिंगांचे दिवस सरले, वाटणी तशीच राहिली.

गंमत अशी की मिशनऱ्यांनी स्वतःच्या घरात अशी वाटणी केली नव्हती. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच, आपल्या कोल्हापुरात जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत मिशनकार्याला निघालेल्या विद्यार्थ्यांची मोठी चळवळ सुरू झाली, तिच्या मुळाशी हा रॉबर्ट होता. आणि त्याच्या मुळाशी काय होतं? प्रिन्सटनमधलं त्याचं घर. तिथं आईबापांसमोर विद्यार्थ्यांच्या बैठका भरायच्या आणि बहीण ग्रेस त्याच्या जोडीनं प्रार्थना करायची. आपण त्यांची शाळा घेतली, बोर्डिंग घेतलं, चर्चला त्यांचं नावही दिलं. घरातली बैठक तेवढी घ्यायची राहिली.

शास्त्रात याबद्दल काही गूढ लिहिलेलं नाही. अनुवादाचा सहावा अध्याय काढा. घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना या गोष्टी मुलांशी बोलत जा, असा त्याचा सरळ अर्थ. 'शिकवायला कुणाकडे तरी पाठव' असं काही त्यात नाही. तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याला विश्वासात वाढवायचं वचनही आईबापच देतात. ते वचन संडे स्कूलच्या ताईनं दिलेलं नसतं.

आता बापांबद्दल. आमच्याकडं घरातली प्रार्थना हे 'हिचं खातं' असतं. किंवा आजीचं. मार्टिन लूथरनं १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती मुळात घरच्या कर्त्यानं आपल्या माणसांना सोप्या शब्दांत शिकवावी म्हणून. आमचा कर्ता प्रार्थनेच्या वेळी गॅलरीत फोनवर असतो. तीमथ्याच्या विश्वासाचं श्रेय पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांना देतो, बापाचं नावही घेत नाही. पण तीमथ्याचा बाप ग्रीक होता, त्याला सूट देऊ. आपल्यातले बाप काही ग्रीक नाहीत. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्या बरोबर लक्षात येतं, की बाबा क्रिकेट सीरियसली घेतात, इन्क्रिमेंट सीरियसली घेतात, आणि हे बायकांचं काम आहे. मग तेही त्याला तेवढीच किंमत देतं. त्यात त्याचं काय चुकलं?

बरं, ते 'मोठी झाली की ठरवतील' वालं उत्तर. हे ऐकायला फार उदार वाटतं, त्यामुळे त्याला कुणी उलटून बोलत नाही. मी बोलतो. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला. आई लक्ष्मीबाई, जिनं तीर्थयात्रांच्या भटकंतीत पोरीला पहाटे उठवून शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक पाठ. १८७८ मध्ये, विशीत, कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आणि १८८३ मध्ये इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आईनं जे दिलं त्याच्यापासून ती दूर गेली. मग आईच्या त्या पहाटा वाया गेल्या का? अजिबात नाही. शास्त्र नीट कसं वाचायचं, शब्दाच्या मुळाशी कसं जायचं, पटलं नाही तर तसं उघड कसं म्हणायचं, याची तयारी त्या पहाटांनीच झाली होती. तिला ठरवता आलं, कारण तिला आधी भरपूर शिकवलेलं होतं.

ज्याला घरात काहीच मिळालं नाही तो अठराव्या वर्षी ठरवणार कशाच्या जोरावर? हातात मॅन्युअल न देता 'सिस्टिम तूच निवड' म्हणण्यासारखं आहे हे. असा पोरगा ना विश्वास ठेवू शकत, ना नीट विचार करून नाकारू शकत. हॉस्टेलवर पहिला जो कुणी ठासून बोलणारा भेटेल त्याचं त्याला पटतं. मग तो 'चाळीस दिवसांत सगळे आजार बरे' म्हणणारा उपदेशक असो, नाहीतर धर्म म्हणजे अफू एवढं एकच वाक्य पाठ असलेला रूममेट. नास्तिक मुलाची मला भीती वाटत नाही. विचार करून नास्तिक झालेल्याशी बोलता तरी येतं. पण काय नाकारलं हेच ज्याला माहीत नाही त्याच्याशी बोलायचं काय?

इथपर्यंत वाचून दुसऱ्या टोकाची मंडळी खूश झाली असतील. "आमच्या घरी रोज प्रार्थना होते, एक दिवस चुकत नाही!" होते की. डोळे मिटले नाहीत म्हणून फटकाही बसतो. 'देव बघतोय हं' असं इतक्यांदा ऐकवलं जातं की पोरांना देव म्हणजे हॉलमधला सीसीटीव्ही वाटायला लागतो. प्रश्न विचारला की 'हे सैतान बोलवतोय तुझ्याकडून'. हे संगोपन नव्हे, ही दमदाटी आहे. पोर नोकरीला पुण्याला गेलं की पहिल्याच रविवारी त्याचा निकाल लागतो.

हे लोक एक गोष्ट विसरतात. मराठी ख्रिस्ती समाजात आपल्याला अभिमान वाटावा अशी जी नावं आहेत, त्यांनी घरच्या श्रद्धेला प्रश्न विचारले होते. बाबा पद्मनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला तो घरच्यांना विचारून नव्हे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये घेतला तेव्हा बायकोही बरोबर नव्हती. लक्ष्मीबाई पाच वर्षं आपल्या जागी ठाम राहिल्या, आणि १९०० मध्ये आल्या त्या नवऱ्याच्या धाकानं नाही, स्वतःला पटल्यावर. हे सगळं 'स्मृतिचित्रे'त आहे, काढून वाचा. पणजोबांच्या बंडाबद्दल चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या आणि पणतूनं साधा प्रश्न विचारला की त्याला गप्प करायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

रमाबाईंकडे परत येतो, कारण आई म्हणून त्यांनी काय केलं ते फार कमी लोक सांगतात. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी दोघींना माया लावली, सांभाळलं. पण मनोरमेला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं यावरून दोघींमध्ये वाद झाला. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आला, त्यात तो सगळा आहे. परका देश, नवरा वारलेला, त्या बायकांचाच आधार, आणि तरीही रमाबाईंचं म्हणणं एकच, की माझ्या पोरीला काय शिकवायचं हे मी ठरवणार. समोर कुणी वाईट माणसं नव्हती. धर्म शिकवण्याचं काम त्या बायका आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तीत करत होत्या. तरीही ही बाई आईपण बाहेर द्यायला तयार नव्हती. आणि आपण? तीस रुपयांचं वर्कबुक हातात दिलं की आपली जबाबदारी संपली!

आता भाषा. आमच्या पोरांना बायबल भेटतं ते यूट्यूबच्या इंग्रजी कार्टूनमधून. मोझेस, डेव्हिड, जॉन. आजी 'मोशे' म्हणते, नातू 'मोझेस' म्हणतो, आणि ही दोन वेगळी माणसं आहेत असं त्या पोराला खरंच वाटतं. १५७९ मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री. इथल्या माणसांच्या मनात शिरायचं तर ओवीतूनच, हे त्याला कळलं आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घालून साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून बाहेर आलं. टिळकांनी अभंग लिहिले. 'उपासना संगीत' उघडलं की पेटी आणि झांज आपोआप ऐकू यायला लागतात. इतक्या लोकांनी देव मराठीत आणून दिला, आणि आपण पोरांसाठी तो परत इंग्रजीत पाठवतोय. कारण काय, तर तेवढाच इंग्लिशचा सराव होतो.

हा भाषेच्या अस्मितेचा मुद्दा नाही हो. उद्या आजी अंथरुणाला खिळेल आणि म्हणेल, "बाळा, एक गाणं म्हण." तेव्हा त्या बाळाला तिचं एकही गाणं येत नसेल. घाबरल्यावर, रडताना माणसाच्या तोंडून जी भाषा निघते, प्रार्थना त्याच भाषेत यायला पाहिजे. आणि आपली पोरं ठेच लागल्यावर अजून तरी 'आई गं'च म्हणतात.

आणखी एक काम आहे जे दुसऱ्या कुणालाच करता येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकही पूर्ण भरत नाही. वर्गात आपलं पोर बहुतेक वेळा एकटंच. आणि गाव कोल्हापूर! गणपतीत गल्लोगल्ली मंडप, नवरात्रात अंबाबाई, चैत्रात जोतिबाचा गुलाल. पोर विचारणारच, "आपल्या घरी गणपती का नाही?" याची दोन उत्तरं मी ऐकली आहेत. एक, 'ते सगळं खोटं असतं', आणि दोन, 'गप्प बस'. पहिल्यानं पोराला शेजाऱ्याचा अपमान करायला शिकवलं, दुसऱ्यानं स्वतःची लाज बाळगायला. तिसरं उत्तर द्यायला आईबापांना थोडा विचार करावा लागतो. शेजारच्या काकूंची त्यांच्या देवावर माया आहे, त्यांचा मान ठेवायचा, आणि आपण कुणाची प्रार्थना करतो आणि का करतो ते हे असं. काकूंनी दिलेला मोदक खायचा की नाही, यावर पौलानं करिंथकरांना अख्खा एक अध्याय लिहिला होता, पहिल्या पत्राचा आठवा. तो पोराला घेऊन वाचा की! दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही आपल्याच शंका होत्या हे कळल्यावर पोरांचे डोळे चमकतात.

काही घरांत तर प्रश्न याहून अवघड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर एक आणि घरात एक. मी त्या आईबापांना दोष देणार नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं जात विसरली असं कधी झालं नाही, मग कायदा कसा विसरला हा खरा प्रश्न. पण त्या घरातल्या पोराला 'शाळेत सांगू नकोस' एवढंच सांगून भागत नाही. का सांगायचं नाही, हा गुंता कुणी केला, पणजोबांनी काय सोसलं, हे त्याला घरीच कळलं पाहिजे. नाहीतर विश्वास म्हणजे लपवायची गोष्ट, एवढंच तो शिकतो.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठाय? रात्री साडेआठला अमेरिकेचा कॉल. माहितीये, माझाही असतो. रोज पंधरा मिनिटं धरा. वर्षाला ९१ तास, म्हणजे संडे स्कूलच्या दुपटीहून जास्त. 'साडेआठ ते पावणेनऊ मी नाही' एवढं क्लायंटला कळवलं तर त्याचं काही बिघडत नाही. डेंटिस्टकडे जायचं असलं की कळवतोच की आपण.

करायचं काय? फार काही नाही. शुभवर्तमानातली एक गोष्ट, मराठीत, मोठ्यानं वाचायची. आठवड्यातले निम्मे दिवस बाबांनी वाचायची. एक गाणं म्हणायचं, सूर गेला तरी चालेल. पोरांना एक प्रश्न विचारू द्यायचा आणि उत्तर येत नसेल तर सरळ 'मला माहीत नाही, बघू' म्हणायचं. दिवसभरात पोरावर विनाकारण ओरडला असाल तर तिथंच त्याची माफी मागायची. क्षमेवरचं याहून चांगलं प्रवचन त्याला कुठल्याही चर्चमध्ये ऐकायला मिळणार नाही. संपलं.

"पण माझाच विश्वास डळमळीत आहे, मी काय शिकवू?" हा आक्षेप मात्र मला प्रामाणिक वाटतो. त्यावर माझं म्हणणं एवढंच, की पोराच्या शेजारी बसून वाचा. शंका असलेला पण समोर बसलेला बाप हा ठाम विश्वासाच्या पण घरात नसलेल्या बापापेक्षा कधीही बरा.

थोडक्यात, शिकवणं आपलं काम आणि ठरवणं त्यांचं. पहिलं न करता दुसऱ्याचा मोठेपणा मिरवू नये, आणि पहिलं केलं म्हणून दुसऱ्यावर हक्क सांगू नये. ती उद्या आपल्या वाटेनं येतील किंवा रमाबाईंसारखी वेगळ्या वाटेनं जातील. पण जातील ती भरल्या हातांनी जावीत.

असो. आज शनिवार. उद्या पोरांना संडे स्कूलला जरूर सोडा, त्या ताईला दोन शब्द बरे बोला. पण आज रात्री जेवणं झाली की ताटं उचलायच्या आधी पुस्तक काढा. टीव्ही बंद करायला कुणी सांगायची वाट बघू नका, घरात मोठे तुम्हीच आहात.